कुत्रा चावल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत

रेबीजच्या लसीबद्दल आपल्याकडे प्रत्येकाला काही ना काही ठाऊक असतं. 'कुत्रा चावला की इंजेक्शन घ्यावं लागतं' एवढं शाळेतलं पोरही सांगेल. पण जखम किती वेळ धुवायची, जखमेत भरायचं सिरम कुणाला लागतं, शेवटचा डोस केव्हाचा, कुत्रा जिवंत असेल तर पुढे काय, हे विचारलं की रांगेतल्या दहा जणांकडून दहा उत्तरं येतात. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये मी हा कोर्स पूर्ण केला. त्या काळात जे विचारून, वाचून, खात्री करून घ्यावं लागलं ते घडलं त्या क्रमाने लिहिते आहे. चावा बसल्यावर माणसाला काही सुचत नाही, तेव्हा हे हाताशी असलेलं बरं.

रविवार, १२ जानेवारी. संध्याकाळी गल्लीतल्या कुत्र्याने डाव्या पोटरीला धरलं. दातांच्या दोन खुणा, त्यातली एक खोल आणि रक्त आलेली. सोडवताना उजव्या तळहातावर नखाचा ओरखडा.

सगळ्यात आधी नळ. दवाखाना नंतर. जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. अंदाजाने धुतलं तर दोन-तीन मिनिटांतच 'झालं' असं वाटतं. या विषाणूच्या बाहेरचं आवरण चरबीचं असतं, साबणाने ते फाटतं आणि विषाणू निकामी होतो. शिवाय सुरुवातीला तो जखमेपाशीच, तिथल्या स्नायूत असतो. एकदा का नसेत शिरला की कुठलीच लस त्याला गाठू शकत नाही. म्हणून ही पंधरा मिनिटं म्हणजे उपचाराचा पहिला भाग आहे आणि तो घरीच होतो. अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, भांड्यांचा साबण, कुठलाही चालतो. नळाला पाणी नसेल तर एकाने तांब्याने सलग ओतत राहायचं आणि दुसऱ्याने साबण लावायचा. बादलीत पाय बुडवून बसणं म्हणजे धुणं नव्हे, पाणी जखमेवरून वाहून खाली गेलं पाहिजे. घासायचं नाही, पण दाताच्या खोल खुणेच्या आतपर्यंत पाणी जाईल असं धरायचं. चुरचुरतं, ते सोसावं लागतं. त्यानंतर घरात पोव्हिडोन आयोडीन असेल तर ते लावायचं.

आपल्याकडे नेमकं याच वेळी कुणीतरी चुना घेऊन येतं. कुणी मिरचीपूड सांगतं, कुणी हळद, कुणी रॉकेल, कुणी तपकीर. सांगणाऱ्याची माया खरी असते, त्यामुळे नको म्हणणं जड जातं. पण मिरची आणि चुन्याने मांस भाजतं, चोळण्याने विषाणू आत ढकलला जातो, आणि पुढे डॉक्टरांना जखम दिसतच नाही. चिंधी आवळून बांधणंही नको. जखम उघडी ठेवायची आणि टाके घालायला लावायचे नाहीत. फार मोठी जखम असेल आणि टाक्यांवाचून इलाजच नसेल, तर आधी जखमेत सिरम भरून, काही वेळ जाऊ देऊन मग सैल टाके घालतात. हे डॉक्टरांना माहीत असतं. पण घाईत एखाद्या खाजगी दवाखान्यात लगेच टाके घालून मोकळे होतात, म्हणून आपल्यालाही माहीत असावं.

उपजिल्हा रुग्णालयात रविवारी ओपीडी बंद, त्यामुळे अपघात विभागात. केसपेपर काढला. राज्य सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरला आणि उपचाराला पैसे लागत नाहीत. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, तिथे केसपेपरचे थोडेफार पैसे पडतात. लस मात्र सरकारी ठिकाणी सगळीकडे मोफत. आधार कार्ड मागितलं जातं, जवळ ठेवावं. नसेल तर तेवढ्यासाठी घरी परत जाऊन रात्र घालवू नये, पहिला डोस घेऊन नंतर दाखवावं.

श्वानदंशाच्या रजिस्टरमध्ये बरंच काही लिहितात: नाव, वय, पत्ता, कुठला प्राणी, पाळीव की भटका, चावला कधी, शरीरावर कुठे, आधी ही लस कधी घेतली होती का, जखमेवर काय लावलं. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट द्यावीत. आधी पूर्ण कोर्स झालेला असेल तर सगळा उपचारच बदलतो, त्याबद्दल खाली लिहिलंच आहे.

मग डॉक्टर जखमेची कॅटेगरी ठरवतात आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं. प्राण्याला नुसता हात लावला, खायला घातलं, धडधाकट कातडीवर तो चाटला, तर पहिली कॅटेगरी: काहीच लागत नाही. उघड्या कातडीला नुसतं कुरतडलं, रक्त न येता ओरखडा उठला, तर दुसरी: जखम धुणं आणि लस. कातडीच्या आरपार चावा, रक्त आलेला ओरखडा, जखमेवर चाटणं, डोळ्यात-तोंडात लाळ जाणं, तर तिसरी: जखम धुणं, लस आणि सिरम. जखम लहान आहे की मोठी यावर हे ठरत नाही. टाचणीएवढ्या जागेतून रक्ताचा थेंब आला तरी ती तिसरीच. कपड्यावरून चावलं असेल तर कपडा वर करून नीट बघावं, कपडा फाटलेला नसला तरी आत खूण असू शकते. माझी पोटरी तिसऱ्या कॅटेगरीत गेली.

लहान मुलांच्या बाबतीत इथे फार काळजी घ्यावी लागते. मारतील म्हणून मुलं सांगतच नाहीत, आणि उंचीच कमी असल्याने त्यांना चावा हातावर, तोंडावर, डोक्यावर बसतो. तिथून मेंदू जवळ आणि नसांचं जाळं दाट, म्हणून हातात वेळ कमी. मुलाच्या अंगावर न सांगितलेला ओरखडा दिसला तर रागावण्याआधी विचारावं.

त्या रात्री दोन इंजेक्शनं मिळाली म्हटलं तर चूक, तीन मिळाली. एक धनुर्वाताचं, आणि रेबीजच्या लसीची दोन, दोन्ही दंडांत एकेक. ही लस दोन प्रकारे देतात. पहिला प्रकार स्नायूत: दर वेळी अख्खी व्हायल, म्हणजे लसीची छोटी बाटली, एका दंडात, दिवस ०, ३, ७, १४ आणि २८, म्हणजे पाच इंजेक्शनं. खाजगीत बहुतेक हाच. दुसरा प्रकार कातडीत: दर वेळी ०.१ मिलि. दोन्ही दंडांत, दिवस ०, ३, ७ आणि २८. यात चौदाव्या दिवसाचा डोस नसतो. सरकारी रुग्णालयांत बहुधा हा देतात, कारण एका व्हायलीत अनेकांचं काम होतं. भारतात कातडीतल्या पद्धतीला २००६ मध्ये परवानगी मिळाली. दोन्ही सारख्याच कामाच्या आहेत. 'सरकारीत थोडीशीच देतात' ही तक्रार रांगेत ऐकू येते, तिच्यात तथ्य नाही: कातडीत बचाव करणाऱ्या पेशी भरपूर असतात, म्हणून तिथे थोडी लस पुरते.

कातडीतलं इंजेक्शन बरोबर बसलं की नाही हे आपल्यालाही दिसतं. सुई जवळजवळ आडवी धरतात आणि औषध जाताना कातडीवर पांढुरका, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत फुगवटा उठतो. फुगवटा आला नाही तर सुई खोल गेली, मग तो डोस जवळच्या जागी पुन्हा द्यावा लागतो. माझ्या डाव्या दंडाला तसं झालं. सिस्टरने स्वतःच 'उठलं नाही, परत देते' म्हणून दुसरीकडे टोचलं. असं झालं तर घाबरू नये, आणि त्यांच्या लक्षात आलं नसेल तर आपण विचारावं. त्या जागी नंतर लाली येते, दोन-तीन दिवस खाजतं. चोळायचं नाही. लहान बाळांना दंडाऐवजी मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. कंबरेत मात्र कुणालाच नाही, तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही.

कार्डावर तारीख, कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि 'कातडीत' की 'स्नायूत' हे लिहून घ्यावं. मधेच गाव बदलावं लागलं तर पुढच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच पडतो. कार्डाचा फोटो तिथल्या तिथे काढावा.

सिरम तिथे शिल्लक नव्हतं. चिठ्ठी मिळाली: जिल्हा रुग्णालय, सकाळी.

आता सिरमबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. लस शरीराला प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारे घटक, तयार करायला शिकवते, पण ती पुरेशी तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तोवर जखमेतला विषाणू मोकळाच. सिरम म्हणजे तयार प्रतिपिंडं, थेट जखमेत भरायची, मधले दिवस भरून काढायला. शक्यतो पहिल्या डोसबरोबरच, नाही जमलं तर पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर लसीने आपलं काम सुरू केलेलं असतं आणि बाहेरून दिलेली प्रतिपिंडं त्यात आडवी येतात. म्हणजे सिरम नाही म्हणून लस थांबवायची नाही आणि लस मिळाली म्हणून सिरम सोडायचं नाही. पहिली ओळ बहुतेकांना पटते. दुसऱ्या ओळीपाशी लोक घरी जातात. 'इंजेक्शन झालं ना, मग पुन्हा जिल्ह्याला कशाला?' हे मलाही घरी ऐकावं लागलं. रात्र तशी बरी गेली नाही. लस झाली आहे, जखम धुतली आहे, हे माहीत असूनही पोटरीत काही सरकतंय असं वाटत राहतं.

सोमवार, १३ जानेवारी. जिल्हा रुग्णालय. एस.टी.ने गेले, पोटभर खाऊन. उपाशी जाऊ नये, सुया बऱ्याच असतात आणि चक्कर येणारे येतात. आधी वजन करतात, कारण सिरमची मात्रा वजनावर असते. घोड्यापासून बनवलेलं सिरम किलोमागे ४० युनिट, माणसाच्या रक्तापासून बनवलेलं किलोमागे २० युनिट. ६२ किलो वजनाला घोड्याचं २,४८० युनिट. एक व्हायल ५ मिलि. म्हणजे १,५०० युनिटांची, तेव्हा दोन व्हायली. माणसाच्या रक्ताचं घ्यायचं तर ३०० युनिटांच्या पाच व्हायली लागतील, आणि बाहेर एकेक व्हायल काही हजारांची. सरकारी ठिकाणी साधारणपणे घोड्याचं असतं आणि तेही मोफत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने काढलेलं तिसऱ्या प्रकारचं औषधही आहे, प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं. त्याची मात्रा किलोमागे ३.३३ युनिट, आणि त्याला ना घोडा लागतो ना रक्तदाता.

घोड्याचं म्हटलं की लोक बिचकतात. पूर्वीची सिरमं कमी शुद्ध होती, रिअ‍ॅक्शनही जास्त येत. आताची पुष्कळ शुद्ध केलेली असतात. तरी क्वचित अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणून जवळ अ‍ॅड्रेनलिन तयार ठेवतात आणि नंतर अर्धा-एक तास बसवून ठेवतात. काही ठिकाणी आधी हातावर टेस्ट करतात. जागतिक आरोग्य संघटना आता ती टेस्ट आवश्यक मानत नाही, कारण तिच्यावरून रिअ‍ॅक्शनचा अंदाज बांधता येत नाही. दमा असेल, आधी सर्पदंशाचं किंवा दुसरं कुठलं सिरम घेतलेलं असेल, तर ते आवर्जून सांगावं.

ड्रेसिंग रूममध्ये पालथं झोपवून जखमेत आणि जखमेच्या कडेने सिरम भरलं. हे दुखतं. सुई दाताच्या खुणेच्या आत, मग चारी बाजूंनी, आणि द्रव भरत जाईल तशी पोटरी ताणते. तळहाताच्या ओरखड्यालाही रक्त आलेलं होतं, तिथे थोडंसंच गेलं, पण तिथलं दुखणं पोटरीपेक्षा जास्त, कारण हाताला मांस कमी. बोटाच्या टोकाला चावा असेल तर फार बेताने भरतात, जास्त भरलं तर बोटाचा रक्तपुरवठा अडतो. जखमा बऱ्याच असतील आणि वजनाप्रमाणे सिरम कमी पडत असेल, तर सलाईन मिसळून वाढवतात, म्हणजे सगळ्या जखमांना पुरतं. लहान मुलांच्या बाबतीत हे नेहमी होतं. उलट जखम लहान असेल तर मावेल तेवढंच भरतात. उरलेलं कंबरेत टोचण्याची पूर्वीची पद्धत होती, आता त्याची गरज मानत नाहीत. दोन्ही व्हायलींतलं निम्म्याहून अधिक सिरम माझ्या बाबतीत लागलंच नाही.

बाकड्यावर बसून राहण्याच्या वेळात आजूबाजूचं बोलणं कानावर पडत होतं. शेजारच्या एक आजी, वासराला चारा घालताना मांजराने बोचकारलेल्या, सिस्टरना विचारत होत्या, "बेंबीभोवती टोचत न्हाईत नव्हं गं आता?" सिस्टर म्हणाल्या, "नाही आजी, ते कधीचं बंद झालं. दंडातच देणार." आजींच्या सुनेने सांगितलं की या भीतीपायीच त्या दोन दिवस घरी बसून होत्या.

ती भीती उगाच नाही. जुनी लस मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून केलेली असे. डेव्हिड सेंपल यांनी ती १९११ मध्ये कसौलीला तयार केली. पोटाच्या कातडीखाली रोज एक याप्रमाणे सात ते चौदा इंजेक्शनं, आणि मेंदूतला अंश असल्याने काही जणांना मज्जासंस्थेचा त्रास होई, क्वचित अर्धांगसुद्धा. ज्यांनी ती घेतली त्यांनी घरात सांगितलं, घरातून ते पुढच्या पिढीत आलं. भारतात ती लस २००४ च्या अखेरीपर्यंत चालली, नंतर बंद केली. म्हणजे आज चाळिशीच्या पुढे असलेल्या कित्येकांनी ती इंजेक्शनं डोळ्यांनी पाहिलेली आहेत. आताची लस प्रयोगशाळेत जोपासलेल्या पेशींवर वाढवलेल्या, मारलेल्या विषाणूची आहे. तिने रेबीज होत नाही, पोटाशी तिचा संबंध नाही. हे घरातल्या मोठ्यांना आधीच, चावा बसण्यापूर्वी सांगून ठेवावं. चावल्यानंतर समजावत बसलं तर दिवस जातात.

बाकड्यावर दुसरा विषय निघाला तो दुधाचा. एखाद्या गावात म्हैस पिसाळून मेली आणि तिचं दूध किंवा ताक कुठल्या कार्यक्रमात वाटलं गेलं, तर अख्खं गाव लसीसाठी रांगेत उभं राहतं, अशा बातम्या वरचेवर येतात. तापवलेल्या दुधातून रेबीज होत नाही. त्या जनावराची लाळ ज्यांच्या हातावरच्या जखमेला लागली, ज्यांनी तोंडात हात घालून औषध पाजलं, धोका त्यांना. गुरांची राखण करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: खाणं-पिणं सोडलेल्या, लाळ गाळणाऱ्या जनावराच्या घशात काही अडकलं असेल म्हणून हात घातला जातो, आणि तो चावा नसल्याने कुणी लस घेत नाही.

बुधवार, १५ जानेवारी, तिसऱ्या दिवसाचा डोस. इथे मोजणीचा घोळ होतो. शून्य दिवस म्हणजे चावल्याचा दिवस नव्हे, पहिली लस घेतल्याचा दिवस. माझ्या बाबतीत दोन्ही एकच होते. दोन दिवसांनी पहिली लस घेणाऱ्याने त्या तारखेपासून मोजायचं. आणखी एक: पहिला डोस ज्या वारी, त्याच वारी सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचा. रविवारी सुरुवात झाली की पुढचे दोन डोस रविवारीच येतात आणि ओपीडी बंद असते. म्हणून पहिल्या दिवशीच विचारून ठेवावं की रविवारी अपघात विभागात मिळेल का. मला मिळेल म्हणून सांगितलं होतं. नाही मिळत म्हणाले तर सोमवारी जावं, एखाद्या दिवसाच्या उशिराने कोर्स वाया जात नाही. चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, जिथे राहिला तिथून पुढे घ्यायचा. पण पहिल्या आठवड्यातले डोस लांबवू नयेत, प्रतिपिंडं तयार होण्याची सगळी भिस्त त्यांवर असते.

त्या दिवशी इंजेक्शन रूमबाहेर बराच वेळ थांबावं लागलं. कातडीतल्या डोसची व्हायल एकदा पाणी घालून कालवली की ती २ ते ८ अंशांत ठेवून सहा ते आठ तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकावी लागते. म्हणून चार-पाच जण जमेपर्यंत थांबवतात. सकाळी ओपीडी सुरू होताना गेलं तर हा वेळ कमी लागतो, दुपारी एकच्या सुमाराला गेलं तर 'उद्या या' ऐकण्याची शक्यता वाढते. नव्याने चावलेल्या माणसाला मात्र असं थांबवू नये, त्याच्यासाठी व्हायल उघडायला हवी. तसा आग्रह धरायला संकोच करू नका.

खाजगीत स्नायूतला कोर्स घ्यायचा तर एका व्हायलीला चारशे रुपयांच्या आसपास आणि वर डॉक्टरांची फी, म्हणजे पाच डोसांचे दोन-अडीच हजार सहज होतात. मेडिकलमधून लस आणायची असेल तर बर्फाच्या पिशवीत आणावी आणि तडक दवाखान्यात न्यावी. खिशात घालून बाजार करत आणलेली लस टोचून घेण्यात अर्थ नाही.

पथ्याबद्दल सगळेच विचारतात, म्हणून सांगते. मटण, अंडी, आंबट, वांगी, यातलं काहीच वर्ज्य नाही. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला, मधुमेह्याला, तान्ह्या बाळाला, कुणालाही ही लस देता येते. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, त्यामुळे चाव्यानंतर ही लस नाकारण्याजोगं कारण उरतच नाही. एचआयव्ही असेल, कर्करोगाची औषधं किंवा दीर्घकाळ स्टेरॉईड चालू असतील, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण तेव्हा दुसऱ्या कॅटेगरीलाही सिरम देतात. हिवतापासाठी क्लोरोक्विन चालू असेल तर तेही सांगावं, त्याने कातडीतल्या लसीचा परिणाम घटतो.

रविवार, १९ जानेवारी, सातव्या दिवसाचा डोस अपघात विभागात झाला. याच आठवड्यात सिरम भरलेल्या जागी खाज आणि अंगावर थोड्या गांधी आल्या. घोड्याच्या सिरमनंतर आठवडाभराने असं होऊ शकतं, सांधे दुखतात, बारीक ताप येतो. डॉक्टरांनी दिलेल्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी चार दिवसांत गेलं. लसीचे राहिलेले डोस त्यामुळे थांबवायचे नसतात.

बुधवार, २२ जानेवारी. कुत्रा जिवंत. दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची असते, कारण कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लाळेतून विषाणू जात असेल तर ते दहा दिवसांत आजारी पडून मरतं. धडधाकट राहिलं तर चावल्या वेळी लाळेत विषाणू नव्हता. हा नियम फक्त कुत्र्या-मांजरांचा. माकड, मुंगूस, कोल्हा यांना तो लागू नाही. आणि दहा दिवस बघून मग लस, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. लस पहिल्या दिवशीच सुरू करायची, नजर त्याच वेळी ठेवायची. पाळीव कुत्रा आहे, त्याला लस टोचलेली आहे, एवढ्यावरही थांबायचं नाही. कुत्रा मारून टाकला की काही कळायचा मार्गच बंद होतो, तेव्हा काठ्या घेऊन निघालेल्यांना अडवावं.

कुत्रा जिवंत राहिला की कोर्स सोडणारे खूप. 'काही नव्हतंच त्याला, उगाच कशाला?' जखम भरलेली असते, दुखत नसतं, मजुरी बुडते, एस.टी.चं भाडं जातं. यातली अडचण खरी आहे, मजुरीवर जगणाऱ्याला अर्धा दिवस म्हणजे पैसेच. पण कातडीतली लस घेतली असेल तर प्राण्याचं काहीही होवो, अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पूर्ण करायची असं आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. स्नायूतली असेल आणि कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला, तर चौदाव्या दिवसाचा डोस गाळता येतो, अठ्ठाविसाव्याचा घ्यायचा. हे डॉक्टरांना विचारून. रेबीज एरवी एक ते तीन महिन्यांत दिसतो, कधी वर्षानेही. महिनाभर काही झालं नाही म्हणून सुटलो, असं या रोगात म्हणता येत नाही. लस घेऊनही दगावलेल्यांच्या बाबतीत बहुधा यातलंच काहीतरी राहिलेलं असतं: जखम धुतली नाही, सिरम दिलं नाही, उशीर झाला, डोस अर्धवट सोडले.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात वर्षाला सुमारे ५,७०० माणसं रेबीजने मरतात आणि प्राण्यांचे चावे सुमारे ९१ लाख असतात. इतक्या चाव्यांना लस पुरवणारी व्यवस्था आपल्याकडे आहे, ती तालुक्यापर्यंत पोचलेली आहे, आणि तरी माणसं मरतात ती दोन डोसांच्या मधे, सिरमच्या चिठ्ठीनंतर, चुन्याच्या पुडीपाशी. मला सगळ्यात लागलं ते हे. आशाताईंना आपल्या गावातल्या चावलेल्यांची यादी दिली आणि त्यांनी सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी नुसता फोन केला, तरी किती फरक पडेल.

रविवार, ९ फेब्रुवारी. शेवटचा डोस. दोन्ही दंड, दोन्हीकडे फुगवटा, कार्डावर सही आणि शिक्का.

हे कार्ड फेकू नका. पूर्ण कोर्स झालेल्याला पुढे कधी पुन्हा चावा बसला तर फक्त दोन डोस, शून्य आणि तिसऱ्या दिवशी, आणि सिरम अजिबात नाही. जखम धुणं मात्र तेवढंच. पण हे कागदावर दाखवता आलं तरच. कार्ड नसेल तर डॉक्टर पहिल्यापासून सगळं देतात आणि ते बरोबरच आहे. जनावरांचे डॉक्टर, कुत्री सांभाळणारे, वनखात्यातले लोक यांनी चावा बसण्याआधीच ०, ७ आणि २१ किंवा २८ या दिवसांचा कोर्स घेऊन ठेवावा, त्यांनाही पुढे हाच फायदा मिळतो.

गल्लीतल्या कुत्र्यांचं काय, हा प्रश्न उरतो. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेच्या मदतीने दरवर्षी हजारो कुत्र्यांना हातजाळीने धरून लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना शिकवलं, आणि २०१८ पासून सलग तीन वर्षं माणसाचा एकही रेबीज-मृत्यू झाला नाही, असं राज्य सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलं. एका भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस झाली की रोगाची साखळी तुटते. आमच्या नगरपालिकेत त्यासाठी अर्ज दिला आहे. अर्जात गल्लीचं नाव, कुत्र्यांची अंदाजे संख्या, गेल्या वर्षभरात चावलेल्यांची संख्या आणि धरायला मदत करू शकणाऱ्या दोघांचे फोन नंबर लिहिले, आणि पोच घेतली. संख्या रुग्णालयाच्या श्वानदंश रजिस्टरवरून मिळू शकते, अधीक्षकांकडे लेखी मागावी लागते.